चौथ्या गिअरमधली एल्सी आत्या

मूंटा, साउथ ऑस्ट्रेलिया
४ एप्रिल

प्रिय डेन्झिल भावोजी,

पत्र बघून घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. आता जायला उरलंय कोण! फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुम्ही नुसतं "कोण? कोण?" ओरडत राहिलात आणि शेवटी मला बँकेची बाई समजून शिवी हासडून फोन ठेवलात. म्हणून हा कागद.

बातमी अशी, की क्लेमची गाडी आली. जानेवारीत तुम्ही भावाला माती द्यायला आला होतात तेव्हा मी हे बोलले नव्हते. आजारपणातच त्यानं एक नवी कोरी, लांब पल्ल्याची मोटरसायकल सांगून ठेवली होती. "बरा झालो की बोटीनं टास्मानियाला, डेन्झिलकडे. तू मागं बस आणि डबा सांभाळ," म्हणायचा. परवा शोरूममधून फोन आला, मिस्टर ट्रेगेन्झांची गाडी तयार आहे. मी म्हटलं, मिस्टर ट्रेगेन्झा तयार नाहीत. तो माणूस गडबडला, म्हणाला नको असेल तर राहू द्या. मी "राहू द्या" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "शनिवारी न्यायला येते."

हसा तुम्ही. सदुसष्ट वर्षांची म्हातारी मोटरसायकलवर! पण लग्नाआधी वडिलांच्या शेतावर मेंढरांमागं मी मोटरसायकलच पिटाळत होते, आणि उभी हयात शाळेची बस चालवली आहे. चाकांची मला भीती नाही. भीती आवाजाची आहे.

गाडीचा गिअरबॉक्स आवाज करतो. वॉलरूच्या पुढं सरळ रस्ता लागला, मागंपुढं कुणी नसलं, की सुरू होतो. शोरूमवाला म्हणतो, "नव्या गाड्यांचं असंच असतं, आजी." मी त्याची आजी नाही. नाहीच पटली तर ऑगस्टअखेर, हिवाळा संपायच्या आत परत आणा, घेऊ म्हणाला.

आता तुम्ही सांगा. क्लेमची गाडी ठेवू की परत देऊ? सांगणारं दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला त्रास.

तुमची वहिनी,
मर्ना


विनयार्ड, टास्मानिया
१५ एप्रिल

प्रिय वहिनी,

बहिऱ्या माणसाला आवाजाबद्दल विचारणारी जगात तू एकटीच असशील. डॉक्टरनं मागच्या हिवाळ्यात कानात दिवा मारून बघितलं आणि पाटीवर लिहून दिलं, की दोन्ही गेले. इतकी वर्षं कागदाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त केली त्याचं हे बक्षीस. आता माझी कुत्री पिप माझे कान. कुणी आलं की ती माझी पँट ओढते.

पण इंजिनाचं निदान मी अजून करू शकतो. फक्त तू नीट लिही. "आवाज करतो" म्हणजे काय? गाय पण आवाज करते. आमच्या बाबांची पद्धत आठवते ना? ते शेतकऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायचे तेव्हा प्रत्येक आवाजाला चॅपलमधल्या कुणाचं तरी नाव द्यायचे. एल्सी आत्या म्हणजे नाकातून एकाच सुरात लांबवलेलं कण्हणं. ती प्रार्थना संपली तरी गातच असायची. डीकन म्हणजे एकच ठोका. चॅपलचा तो कारभारी दर वाक्याआधी एकदा घसा खाकरायचा, तसा. आणि जोसाया म्हणजे बेतालात टाळ्या, फट् फट् फट्. घरात आम्ही ह्याच भाषेत बोलायचो, क्लेम आणि मी. बाहेरच्याला वाटायचं नातेवाइकांची निंदा चाललीय.

तर सांग, तुझ्या गिअरबॉक्समध्ये कोण बसलंय? कुठल्या गिअरला येतं, अॅक्सिलरेटरवरचा हात सैल सोडला की काय होतं? माझ्या वर्कशॉपमध्ये कामाची झुंबड आहे, पण तुझ्यासाठी वेळ काढीन.

डेन्झिल


मूंटा
२६ एप्रिल

प्रिय भावोजी,

एल्सी आत्या! शंभर टक्के. पत्र वाचलं, हेल्मेट चढवलं आणि थेट रस्त्याला लागले. तिसऱ्यापर्यंत बाई गप्प असते. चौथा टाकला की ऊंऽऽऽ सुरू. वेग वाढवला की सूर चढतो, हात सैल सोडला की उतरतो. पाचव्यात गेलं की एकदम चिडीचूप, पाद्र्यानं डोळे वटारल्यासारखी. मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा हसले असेन. एकटीचं हसू हेल्मेटमध्ये फार विचित्र ऐकू येतं, भावोजी.

तुमच्याकडे काम जोरात आहे हे वाचून बरं वाटलं. मला आपलं वाटत होतं, कान गेल्यावर गिऱ्हाईक येतं की नाही.

माझं काय सांगू. शुक्रवारी अजून पेस्ट्या करते. सासूबाईंनी शिकवल्या तशाच, मोठ्या करंजीएवढ्या, आत मटण, बटाटा, सलगम, आणि कणकेच्या टोकाला सुरीनं ज्याचं त्याचं अक्षर. खाणीत उतरणाऱ्यांच्या डब्यांत अदलाबदल होऊ नये म्हणून काढायचे म्हणे. आता घरात अदलाबदल करायला कोण आहे? तरी हात एका पेस्टीवर एम काढतात आणि दुसरीवर सी. सी-वाली दोन दिवस फडक्याखाली राहते, मग धक्क्यावरच्या समुद्रपक्ष्यांना घालते. माजलेत मेले. परवा तर माझी वाटच बघत होते.

तर ही आत्या धोक्याची आहे का, ते कळवा.

मर्ना


विनयार्ड
६ मे

प्रिय वहिनी,

धोका काही नाही. चौथ्या गिअरचे दाते नवे आहेत, एकमेकांवर अजून बसलेले नाहीत. नवा बूट करकरतो ना, तेवढंच. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल काढतील तेव्हा खाली लोहचुंबक असतो, त्याच्यावर बोट फिरवून बघ. मऊ काळा लेप लागला तर सगळं ठीक. कण टोचले तर मात्र मला कळव.

टोचणार नाहीत. गाडी ठेव आणि चालव.

चला, एक काम मिटलं. आता तुला मला लिहायचं कारण उरलं नाही, म्हणजे चांगलंच झालं. टपालवाल्यालासुद्धा आराम. पिप मात्र त्याच्या मागं फाटकापर्यंत जाते आणि हात हलवत परत येते. म्हणजे शेपूट.

डेन्झिल


मूंटा
२ जून

प्रिय भावोजी,

कसलं मिटलं! ऑइल बदललं, लेप मऊ होता, कण एकही नाही. पण आता वेगळंच सुरू झालंय. पहिला गिअर टाकला की डीकन. असा खाकरतो की पोस्टातली बाई बाहेर येऊन बघते. आणि ते कमी होतं म्हणून की काय, गेल्या आठवड्यापासून मागच्या बाजूनं जोसाया आपटतोय. फट् फट् फट्, अगदी बेतालात. उतारावर तर जास्तच. मला वाटतं तुम्हाला ह्याच्यात पुष्कळ विचार करावा लागेल. घाई नाही, सावकाश आणि सविस्तर लिहा.

इथं थंडी पडलीय. पाच वाजता अंधार होतो. टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. घरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं, मग तो हवामानाचा माणूस का असेना. तुमच्याकडे काय काय आवाज येतात असं विचारणार होते, आणि मग जीभ चावली. माफ करा.

मर्ना


विनयार्ड
१० जून

प्रिय वहिनी,

माफी कसली. तूच माझे आवाज आहेस. तुझं पत्र आलं की मी शेडमध्ये स्टुलावर बसतो, पिपला समोर बसवतो आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवतो. मला माझं ऐकू येत नाही, पण ती कान टवकारते. डीकन म्हटलं की मान तिरकी करते. जोसायाला तर भुंकलीच असावी, जबडा हलला.

डीकनची काळजी करू नकोस. थंडीत ऑइल घट्ट होतं, गाडी पाच मिनिटं तापू दे, मग गिअर टाक.

जोसाया मात्र गंभीर प्रकरण आहे. मागची चेन सैल झाली की तो आपटतो. दोन्ही बाजूंचे नट सोड, चेन दोन खाचा आवळ, वरून थोडं ऑइल दे. एवढं कर आणि काय झालं ते कळव. नक्की कळव.

डेन्झिल


मूंटा
१९ जून

प्रिय भावोजी,

सांगितलंत तसंच केलं. दोन्ही नट सोडले, चेन दोन खाचा आवळली, ऑइल दिलं. हात काळे झाले पण जोसाया गप्प! काय तुमचं डोकं. मात्र आता तिसऱ्या गिअरमध्ये एक बारीक किरकिर ऐकू येतेय. ह्याला बाबांच्या भाषेत काय म्हणायचं?

मर्ना


विनयार्ड
२७ जून

प्रिय वहिनी,

चेन आवळलीस? शाब्बास. आता एकच काम कर. एकदा शेडमध्ये जा, गुडघ्यावर बस, मागच्या चाकापाशी वाक आणि ती चेन मला दाखव.

वहिनी, तुझ्या गाडीला चेन नाहीच. शाफ्टची गाडी आहे ती. सगळं काम त्या जाड लोखंडी नळीच्या आत चालतं. आवळायला काय शेपूट आवळलीस?

डेन्झिल


विनयार्ड
१४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

जुलै गेला, पत्र नाही. मी मध्ये एक कार्ड टाकलं त्यालाही उत्तर नाही. मला वाटलं होतं तू पोट धरून हसशील आणि उलट टपाली मलाच दोन शिव्या देशील. तुला लागलं असणार. मी मूर्ख आहे. कागदावर माझं हसणं ऐकू येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आता माझं ऐक. गाडीला चेन नाही हे मला तुझं जोसायाचं पत्र वाचतानाच माहीत होतं. तरी चेन आवळायला सांगितली, कारण तुझं पुढचं पत्र हवं होतं. तू खोटं लिहिलंस, मी त्या खोट्याला नट-बोल्ट लावले. फिटंफाट.

आणि दुसरं. वर्कशॉपमध्ये झुंबड वगैरे काही नाही. शटर गेल्या वर्षीच खाली ओढलं. बहिऱ्या मेकॅनिककडे कोण येतो? हत्यारं तेवढी पुसून ठेवतो. दिवसभर मी आणि पिप. सकाळी वाऱ्यानं पत्रा हलताना दिसतो आणि मी आठवायचा प्रयत्न करतो, की पत्रा कसा वाजायचा. आठवत नाही. पण तू "ऊंऽऽऽ" लिहिलंस तेव्हा एल्सी आत्या मला चक्क ऐकू आली. म्हणून सांगतो, तुला खोटे आवाज लिहायचे असतील तर खुशाल लिही. मला खरे-खोटे सगळे चालतात.

शाफ्टचं मला कसं कळलं, तेही सांगतो. क्लेमनं मागच्या वर्षी गाडी ठरवली तेव्हा मला लिहिलं होतं. त्याला चेनचीच गाडी आवडायची, जन्मभर तसल्याच चालवल्या त्यानं. पण चेनचं ऑइल उडून मागं बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतं, आणि मर्ना तेवढ्यावरून घर डोक्यावर घेते, म्हणून ह्या वेळी शाफ्टची घेतोय, असं लिहिलं होतं. तुला हे त्यानं सांगितलं नसणार. त्याचा स्वभावच तो.

उत्तर दे, वहिनी. दोनच ओळी का असेनात.

डेन्झिल


मूंटा
३ सप्टेंबर

प्रिय भावोजी,

मी गाडी परत द्यायला गेले होते.

तुमचं ते शेपटीचं पत्र वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, तुम्ही मला ओळखलंत आणि आता सगळ्या विनयार्डभर सांगत असाल, की माझी वहिनी एकटेपणानं वेडी झालीय, नसलेल्या चेनचे आवाज ऐकते. तुमचं कार्ड आलं ते न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकलं. आणि हिवाळा सरत आला तेव्हा ठरवलं, गाडी गेली की नको ते आवाज आणि नको ती पत्रं.

निघताना तुमचं दुसरं पत्र पेटीत दिसलं. कोटाच्या खिशात कोंबलं. पोर्ट वेकफिल्डच्या अलीकडे मॅगपाय पक्ष्यानं हेल्मेटवर चोच मारली, ह्या दिवसांत पिल्लांपायी येडे होतात मेले. मी त्याला आईवरून शिवी दिली. चौथ्या गिअरमध्ये एल्सी आत्या गातच होती. मी तिला म्हटलं, गा बाई, शेवटचं गा.

शोरूमवाल्याला म्हटलं, आवाज येतो, परत घ्या. तो म्हणाला, एकदा चालवून बघतो. तो गेला आणि मी बाकावर बसून तुमचं पत्र उघडलं.

तो परत आला आणि म्हणाला, "मला तर काहीच ऐकू आलं नाही, आजी." मी म्हटलं, "चौथा टाकला होतास?" म्हणाला, हो, टाकला होता. तेव्हा मला जे रडू फुटलं ते थांबेचना. बिचाऱ्यानं कागदी रुमालांचं खोकंच पुढं केलं, म्हणाला रडू नका, घेतो ना परत. त्याला कसं सांगू, की माझा नवरा मरायला टेकला होता आणि माझ्या पँटचा विचार करत होता. आणि मी त्याचीच गाडी परत करायला आणली होती.

मी त्याच्या हातातून चावी ओढून घेतली आणि सरळ घरी आले. येताना चौथ्यातच आणली, मुद्दाम.

डीकन खोटा होता, भावोजी. जोसाया खोटा होता. तिसऱ्यातली किरकिर पण खोटी. ज्या दिवशी तुम्ही "आता लिहायचं कारण नाही" असं लिहिलंत, त्या दिवशी घर इतकं शांत झालं की मला ते सोसेना. एल्सी आत्या तेवढी खरी आहे. पण माझ्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही, आणि तुम्हाला तर कुणीच ऐकू येत नाही. आता ह्याचा निकाल कागदावर लागायचा नाही.

मर्ना


(दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)
विनयार्ड, ११ ऑक्टोबर

भावोजी,

दार ठोठावून हाताची हाडं दुखायला लागली. पिप आतून भुंकून भुंकून मेली आणि तुम्ही तिलाच "गप बस" म्हणून ओरडताय, बाहेर सगळं ऐकू येतंय. तिनं तुमची पँट सोडली असेल तर ही चिठ्ठी वाचा.

मी मागं शेडपाशी आहे. इंजिन चालू ठेवलंय. तुमचा तो इंजिन ऐकायचा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन या. तुमच्या बेटावर बाहेरची फळं चालत नाहीत म्हणून बोटीवर सफरचंदं काढून घेतली, पण पेस्ट्या आणू दिल्या. एकीवर डी आहे. गार झालीय, तक्रार करायची नाही.

वहिनी


विनयार्ड
८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू सुखरूप पोचलीस हे कार्डावरून कळलं. पिप अजून शेडच्या दारात बसते. तू तिला पेस्टीची सवय लावून ठेवलीस, आता ती माझ्या टोस्टकडे बघत नाही.

शेजारी मला विचारतात, पाटीवर लिहून, की ती हेल्मेटवाली बाई कोण. मी मोठ्यानं सांगितलं, माझी वहिनी. किती मोठ्यानं ते देव जाणे, पलीकडच्या घराची खिडकी उघडली.

त्या दिवशी स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवून मूठ मी दातांत धरली तेव्हा तू मला वेडा समजलीस, मला दिसलं. पूर्वी मूठ कानामागच्या हाडाला लावायचो, आता तिथं काही लागत नाही. पण तू गाडी स्टँडवर चढवलीस, मागचं चाक हवेत फिरवत चौथा टाकलास, आणि वहिनी, ती आली. कानात नाही. दातांत, जबड्यात, पार डोक्याच्या मागं. एल्सी आत्या. तसाच नाकातला सूर, तसाच चढ. तू मला विचारत होतीस काय झालं, डोळ्यांत पाणी का, आणि मी म्हटलं ऑइलचा धूर गेला. नव्या गाडीला कसला आलाय धूर!

मग तू पाटीवर लिहिलंस, "नक्की काय आहे?" आणि मी तोंड वाकडं करून म्हटलं, "एवढ्यात नाही सांगता येत. पुन्हा एकदा ऐकावं लागेल."

ते खोटं होतं. गिअरबॉक्स ठणठणीत आहे. दाते बसत आलेत, अजून थोडी चालवलीस की आत्या आपोआप गप्प होईल आणि मग गाडीला काहीएक आवाज राहणार नाही. मेकॅनिक म्हणून मला हे तुला सांगायलाच हवं. दीर म्हणून मात्र मला त्याचीच काळजी लागली आहे. आवाज गेल्यावर तू काय सांगून येणार?

शटर मी वर केलेलं आहे. तसंच ठेवलंय.

डेन्झिल


मूंटा
१९ नोव्हेंबर

प्रिय भावोजी,

जोसाया परत आपटायला लागलाय. ह्या वेळी चेन फारच सैल झालीय, मला एकटीला आवळता येत नाही. बोटीचं तिकीट काढलंय.

वहिनी